मेंदूतील रंगाची साक्ष

(संस्थेच्या वार्षिक समारंभात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



विषयाचे नाव ऐकून पुढच्या रांगेतील काही जणांनी एकमेकांकडे पाहिले, ते माझ्या ध्यानात आले. बी. ए., बी. एड. झालेला आणि शाळेत मराठी व इतिहास शिकवणारा माणूस मेंदूतील प्रथिनांवर बोलायला उभा राहतो, याचे नवल वाटणे साहजिक आहे. पण हा विषय मी हौसेने निवडलेला नाही. माझ्या हातून घडलेल्या एका चुकीमुळे तो माझ्या वाट्याला आला. ती चूक आधी सांगतो. (स्मरणिकेसाठी हे भाषण लिहून काढताना त्या दिवशी वेळेअभावी राहून गेलेले दोन-चार मुद्दे मी घातले आहेत, हे वाचकांनी लक्षात घ्यावे.)

अंबरनाथला आमच्या गल्लीत एक चाची राहतात. त्यांचा मुलगा एम. आय. डी. सी. मधल्या एका कारखान्यात फिटर. वय तिशीच्या आतबाहेर. एके दिवशी कामावर असताना त्याला आकडी आली. पुढे तपासण्या झाल्या, मेंदूत गाठ असल्याचे कळले आणि मुंबईच्या एका रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. दहा-बारा दिवसांनी गाठीचा रिपोर्ट हाती आला. रात्री जेवणे झाल्यावर चाची तो लिफाफा घेऊन माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, “सर, तुम्ही शिकलेले आहात. पोराला उद्या डॉक्टरांकडे न्यायचे होते, पण डॉक्टर आता सोमवारीच भेटणार. तोवर यात काय लिहिले आहे तेवढे सांगा.”

तीन पानांचा इंग्रजी मजकूर. शेवटी एक छोटा तक्ता. जीएफएपी, पॉझिटिव्ह. आयडीएच-१, पॉझिटिव्ह. पी-५३, पॉझिटिव्ह. एटीआरएक्स, लॉस. केआय-६७, ४ टक्के.

२०२० सालचा करोना आपण सर्वांनी पाहिलेला आहे. ‘पॉझिटिव्ह’ या शब्दाचा अर्थ त्या वर्षी घराघरांत ठरून गेला. मीही तोच अर्थ घेतला. आवाज खाली आणून म्हणालो, “चाची, पाचपैकी तीन पॉझिटिव्ह आहेत. एक ‘लॉस’ आहे, म्हणजे तेवढे एक नाही, हे त्यातल्या त्यात बरे.” चाची काही बोलल्या नाहीत. लिफाफा पदराखाली घेऊन गेल्या. शनिवार-रविवार त्या घरात चूल पेटली नाही. नातेवाईक बदलापूरहून, कल्याणहून येऊन बसले.

सोमवारी मीही सोबत गेलो. डॉक्टरांनी तक्त्यावर बोट ठेवले आणि म्हणाले, “ही आयडीएच पॉझिटिव्ह आली आहे ना, तीच यावी असे आम्हाला वाटत होते. अशा गाठी त्या जातीच्या इतर गाठींपेक्षा सहसा सावकाश वाढतात. उपचाराला वेळ मिळतो.” मग माझ्याकडे पाहून चाचींनी विचारले, “सर तर म्हणाले होते…” पुढचे वाक्य त्यांनी पुरे केले नाही, हा त्यांचा मोठेपणा.

मित्रहो, दोन दिवसांचे ते सुतक माझ्या अर्धवट इंग्रजीमुळे एका घरावर आले. त्यानंतर मी ठरवले, की तो तक्ता काय असतो हे समजून घ्यायचे. माझा एक जुना विद्यार्थी मुंबईत एका तपासणी-प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. रोज बदलापूर लोकलने जातो. त्याच्याकडे दोन सुट्ट्या काढून बसलो. पुढे जे सांगणार आहे त्यातले पुष्कळसे त्याच्या तोंडचे, उरलेले पुस्तकांतले.

पहिली गोष्ट अशी, की मेंदूचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर जवळजवळ काहीच दिसत नाही. पेशी पारदर्शक, त्यांच्यामधला भाग पारदर्शक. धुक्यात पांढरी गाय शोधावी तसा प्रकार. पाहायचे तर रंग चढवावा लागतो. आणि रंग चढवणे म्हणजे काय, हे आपल्या भागातील माणसाला वेगळे सांगायला नको. उल्हासनगरच्या जीन्सच्या कारखान्यांत ज्यांनी उमेदीची वर्षे घालवली असे पालक इथे बसलेले आहेत. प्रदूषणाच्या कारणावरून त्यांतील शेकडो कारखाने बंद करण्यात आले; पण त्याआधी वालधुनीचे पाणी पाहून आज कोणत्या रंगाचा माल निघाला हे आपण ओळखत होतो. चांगली गोष्ट म्हणून मी हे सांगत नाही. रंग कशाला चिकटतो, कशाला चिकटत नाही आणि चिकटलेला का सुटतो, हे ज्ञान आपल्या गल्लीबोळांतले आहे, एवढेच म्हणायचे आहे.

जुन्या रंगाऱ्यांना माहीत असते, की कित्येक झाडपाल्याचे रंग नुसते कापडावर टिकत नाहीत, आधी तुरटीचे पाणी द्यावे लागते. तुरटी कापडालाही धरते आणि रंगालाही. मध्य अमेरिकेत लॉगवुड नावाचे एक झाड होते. त्याच्या लाकडाचा रंग युरोपातले रंगारी शतकानुशतके कापडाला देत असत. त्याच लाकडातून निघणारे हिमॅटॉक्सिलिन हे द्रव्य आजही जगातल्या प्रत्येक विकृतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत रोज वापरले जाते, आणि तिथेही ते बहुधा तुरटीसारख्या क्षारांबरोबरच वापरतात. त्याने पेशीचे केंद्रक निळे-जांभळे होते. माझ्या विद्यार्थ्याने ती बाटली दाखवली तेव्हा मला त्याच्या वडिलांचे हात आठवले. ते उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पात धुलाईच्या कामावर होते. पालक-सभेला येत तेव्हा नखे निळी असत.

मेंदूच्या बाबतीत रंगाने पहिला मोठा चमत्कार केला तो १८७३ साली. इटलीत अबियातेग्रासो या गावी असाध्य रुग्णांच्या रुग्णालयात कामिल्लो गोल्जी नावाचे तरुण डॉक्टर नोकरीला होते. प्रयोगशाळा नव्हती, म्हणून स्वयंपाकघरात मेणबत्तीच्या उजेडात ते काम करीत. चांदीच्या क्षारात मेंदूचा तुकडा ठेवला असता शंभरातली एखाद-दुसरीच चेतापेशी काळी होते, पण ती मात्र मुळापासून फांदीच्या टोकापर्यंत पुरी दिसते, असे त्यांना आढळले. सगळ्याच पेशी रंगल्या असत्या तर काळा डाग तेवढा दिसला असता. स्पेनच्या सान्तियागो रामोन ई काहाल यांनी तीच पद्धत घेऊन मेंदूची शेकडो चित्रे काढली. १९०६ साली दोघांना मिळून नोबेल पारितोषिक मिळाले. गंमत अशी, की एकाच रंगाने पाहून दोघांचे निष्कर्ष उलट! गोल्जी म्हणत, मेंदू म्हणजे एकसंध जाळे आहे; काहाल म्हणत, प्रत्येक पेशी स्वतंत्र आहे. पुढे काहाल यांचे म्हणणे खरे ठरले. रंग तोच, काचपट्टी तशीच, पण पाहणारे डोळे दोन. हे ध्यानात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

तरीही चांदी काय किंवा हिमॅटॉक्सिलिन काय, त्यांनी आकार दिसतो. घर कसे बांधले आहे हे कळते. आत कोण राहतो ते कळत नाही. ते कळायचे तर प्रथिनांपर्यंत जावे लागते.

इथे विद्यार्थ्यांसाठी एक दृष्टान्त देतो. आपल्या शाळेच्या प्रत्येक वर्गात सगळ्या विषयांची सगळी पुस्तके ठेवली आहेत असे समजा. पण नववी ‘अ’ मध्ये आता भूगोलाचे पुस्तक उघडे आहे आणि दहावी ‘ब’ मध्ये गणिताचे. शरीराचे असेच आहे. तुमच्या यकृतातील पेशीत आणि मेंदूतील पेशीत आनुवंशिक मजकूर एकच. पण यकृताची पेशी त्यातली काही पाने उघडते आणि मेंदूची पेशी निराळी. उघडलेल्या पानाबरहुकूम जे तयार होते ते प्रथिन. माणसात प्रथिने तयार करण्याचा मजकूर असणारी सुमारे २० हजार जनुके आहेत. कोणत्या पेशीत, पेशीच्या कोणत्या भागात, कोणते प्रथिन तयार होऊन बसले आहे, या प्रश्नाला शास्त्रात प्रथिनाची अभिव्यक्ती म्हणतात. शब्द आपल्या मराठीच्या पुस्तकातला वाटतो, आहेही तसाच.

आता २० हजारांतले एकच प्रथिन रंगवायचे कसे? त्याला उत्तर शरीरानेच देऊन ठेवले आहे. बाहेरचा पदार्थ शरीरात शिरला की रक्तात प्रतिपिंडे तयार होतात, आणि प्रत्येक प्रतिपिंड आपापल्या पदार्थालाच जाऊन बिलगते. सशाला किंवा उंदराला माणसाच्या एखाद्या प्रथिनाचा अंश टोचला तर त्याच्या शरीरात त्या प्रथिनाला ओळखणारे प्रतिपिंड तयार होते. ते काढून घ्यायचे आणि त्याला रंग जोडायचा. ही कल्पना अमेरिकेतील अल्बर्ट कून्स यांची. १९४१ साली त्यांनी चकाकणारा रंग प्रतिपिंडाला जोडून दाखवला. १९६६ मध्ये नाकाने आणि पिअर्स यांनी चकाकीऐवजी एक विकर जोडले. विकर म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारा पदार्थ. हे विकर युरोपात चटणीसाठी वापरतात त्या मुळ्यासारख्या एका तिखट कंदातून काढतात. त्यावर डॅब नावाचे रसायन घातले की तिथल्या तिथे तपकिरी रंग धरतो आणि साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसतो. १९७५ मध्ये केंब्रिजला कोहलर आणि मिलस्टीन यांनी एकाच जातीची शुद्ध प्रतिपिंडे हवी तितकी तयार करण्याची युक्ती काढली, आणि मग हे काम जगभर पसरले.

प्रत्यक्ष काम कसे चालते ते मी त्या दोन सुट्ट्यांत पाहिले. शस्त्रक्रियेतून आलेला तुकडा आधी फॉर्मलिनमध्ये मुरतो, म्हणजे कुजत नाही. मग त्यातले पाणी काढून त्याला वितळलेल्या मेणात बसवतात. मेण थिजले की आगपेटीहून लहान अशी वडी होते. तिला तिथे सगळे ‘ब्लॉक’ म्हणतात. ती वडी यंत्रावर लावून तिचे काप काढायचे. एका कापाची जाडी मिलिमीटरचा हजारावा भाग धरला तर असे तीन-चार भाग. आपल्या डोक्याचा केस त्याच्या दहा-वीस पट जाड असतो. काप कोमट पाण्यावर तरंगतो, तो काचपट्टीवर अलगद उचलायचा. हे माझ्या विद्यार्थ्याचे हात करीत होते आणि मी श्वास रोखून बघत होतो. शाळेत त्याचे अक्षर फार वाईट होते, म्हणून मी त्याला बरेच बोललेलो आहे.

पुढची पायरी पाहून तर मी हसलोच. काचपट्ट्या चक्क प्रेशर कुकरमध्ये! फॉर्मलिनमुळे प्रथिने एकमेकांत अडकून बसतात, आणि प्रतिपिंडाला जिथे बिलगायचे ती जागा झाकली जाते. ठरावीक क्षारांच्या पाण्यात उकळले की ती पुन्हा मोकळी होते. हा शोध १९९१ साली लागला, आणि त्यामुळे कित्येक वर्षांपूर्वीचे जुने ब्लॉकही पुन्हा बोलते झाले. कुकर गार झाल्यावर काचपट्टीवर पहिले प्रतिपिंड, मग धुणे, मग त्या प्रतिपिंडाला धरणारे व विकर वाहणारे दुसरे, पुन्हा धुणे, मग डॅब. काही मिनिटांत तपकिरी ठिपके उमटू लागतात. शेवटी हिमॅटॉक्सिलिनचा हलका हात, म्हणजे ज्या पेशींत ते प्रथिन नाही त्याही निळ्या दिसतात. हे शेवटचे फार महत्त्वाचे. तपकिरी कुठे नाही हे कळल्याशिवाय तपकिरी कुठे आहे याला अर्थ नाही.

तेव्हा ‘पॉझिटिव्ह’ म्हणजे एवढेच: या प्रतिपिंडाने विचारलेल्या प्रथिनाचा रंग इथे धरला. रोग आहे असे नाही, नाही असेही नाही. आता चाचींच्या मुलाचा तक्ता घ्या.

जीएफएपी हे मेंदूतील ताऱ्यासारख्या पेशींचे प्रथिन. या पेशी चेतापेशींना आधार देतात, त्यांची निगा राखतात. तुमच्या-माझ्या निरोगी मेंदूतही ते आहे. गाठीत त्याचा रंग धरला, याचा अर्थ ही गाठ अशा आधारपेशींच्या वंशातली दिसते, फुप्फुसातून किंवा अन्य कुठून आलेली नसावी. म्हणजे हे गाठीचे कुळ झाले.

आयडीएच-१ चे प्रकरण मराठीच्या शिक्षकाला आवडावे असे आहे. हे प्रथिन म्हणजे ४१४ दुव्यांची साखळी. काही गाठींमध्ये तिच्या १३२ व्या जागी आर्जिनिनऐवजी हिस्टिडीन आलेले असते. एवढाच फरक. ‘दिन’ आणि ‘दीन’ यांत एका वेलांटीचा फरक, पण एकात उजेड आणि दुसऱ्यात लाचारी! मेंदूच्या गाठींतील हा बदल २००८ साली उजेडात आला, आणि लगेच पुढच्याच वर्षी जर्मनीतील हायडेलबर्गच्या शास्त्रज्ञांनी फक्त तो चुकीचा दुवा असलेलेच प्रथिन ओळखणारे प्रतिपिंड प्रसिद्ध केले. निरोगी पेशी त्याने रंगत नाही. शेजारची बिघडलेली रंगते. शुद्धलेखन तपासताना आम्हा मास्तरांच्या नजरेतून वेलांट्या निसटतात, इथे निसटत नाही. २०१६ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणातही हा बदल पाहूनच अशा गाठींचे नाव ठरते.

एटीआरएक्सच्या बाबतीत माझी चूक सर्वांत हास्यास्पद होती. हे प्रथिन निरोगी पेशीच्या केंद्रकात असायलाच हवे. गाठीतल्या पेशींत त्याचा रंग नाही, पण तिथल्याच रक्तवाहिनीच्या पेशींत आहे, असे दिसले तर त्याला ‘लॉस’ म्हणतात. म्हणजे मी ज्या एका शब्दावर चाचींना धीर दिला, तोच खरा बिघाडाचा होता, आणि ज्यावर त्यांना रडवले तो दिलाशाचा. पी-५३ बिघडले की पेशीत साठून राहते, म्हणून गडद दिसते. उरला केआय-६७. विभागण्याच्या तयारीत असलेल्या पेशी शंभरात किती, हे तो सांगतो. इथे ४. हा आकडा कमी असलेला बरा.

तक्ता असा समजला, तरी एक प्रश्न मनात राहिला. गाठीत काय दिसले ते खरे, पण निरोगी मेंदूत कोणते प्रथिन कुठे असते, याची पाटी कोणी लिहून ठेवली आहे? शिक्षकाला आदर्श उत्तरपत्रिका लागते, तशी डॉक्टरांना नको का?

तशी उत्तरपत्रिका आहे. २००३ साली स्वीडनमध्ये मथियास उलेन या शास्त्रज्ञांनी मानवी प्रथिनांचा नकाशासंग्रह तयार करण्याचे काम हाती घेतले. माणसाच्या प्रत्येक प्रथिनासाठी प्रतिपिंड मिळवायचे आणि त्याने सगळ्या अवयवांचे काप रंगवून पाहायचे, असा तो प्रचंड बेत. काप उप्साला शहरात रंगवले गेले. एक मिलिमीटर व्यासाचे गोल तुकडे काढून ते एकाच वडीत ओळीने बसवतात, त्यामुळे एका काचपट्टीवर अनेक माणसांचे, अनेक अवयवांचे नमुने एकदम रंगतात. ४४ प्रकारच्या निरोगी ऊती त्यांनी घेतल्या. त्यांत मेंदूच्या चार जागा: वरचा सुरकुतलेला थर, आठवणींशी ज्याचा संबंध आहे तो हिप्पोकॅम्पस, आतला कॉडेट नावाचा भाग आणि मागचा लहान मेंदू.

रंगवण्याचे काम यंत्रे करू शकली. पण ते वाचायचे कोणी? लाखो चित्रे. आणि हे वाचन, मित्रहो, मुंबईत झाले. डॉ. संजय नवानी यांच्या लॅब सर्जपॅथ या प्रयोगशाळेतील विकृतिशास्त्रज्ञांनी स्वीडनहून आलेली ती चित्रे संगणकाच्या पडद्यावर एक एक करून पाहिली आणि प्रत्येकासमोर नोंद केली. रंग मुळीच नाही, फिका, मध्यम की गडद? पेशींपैकी किती जणींत? केंद्रकात की बाहेर? मेंदूच्या वरच्या थराचे चित्र असेल तर चेतापेशी वेगळ्या, आधारपेशी वेगळ्या, रक्तवाहिनीचे अस्तर वेगळे आणि पेशींच्या मधली तंतूंची दाटी वेगळी नोंदायची. लहान मेंदूत पुरकिन्ये पेशी नावाच्या मोठ्या, सुरईसारख्या पेशींची एक ओळ असते. तिच्यासाठी निराळा रकाना. एकाने नोंद केली की दुसऱ्याने ती तपासायची. बोर्डाच्या उत्तरपत्रिका आधी परीक्षक आणि मग नियामक पाहतात, त्यातलाच हा प्रकार. मी दोन वेळा बोर्डाचे पेपर तपासले आहेत. शंभर पेपरांनंतर डोळे काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. लाखांचा हिशेब माझ्या कल्पनेत बसत नाही.

या संग्रहाचा पहिला भाग २००५ साली लोकांसाठी खुला झाला. २०१५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात अवयवांचा नकाशा प्रसिद्ध झाला आणि २०२० मध्ये माणूस, डुक्कर व उंदीर यांच्या मेंदूंची तुलना. हे सगळे कोणालाही फुकट पाहता येते. मी जीएफएपी शोधून काढले तर पडद्यावर तपकिरी तारे पसरले. आमच्या मुलीने विचारले, “अब्बा, हे कोळी आहेत का?”

जे. जे. रुग्णालयात डॉ. दाराब दस्तूर यांनी गेल्या शतकाच्या मध्यापासून मेंदू व मज्जातंतूंच्या विकृतिशास्त्राचे काम उभे केले होते; कुष्ठरोगात मज्जातंतूंचे काय होते यावरचा त्यांचा अभ्यास जगात मानला गेला. तेव्हा मुंबईत ही नजर अचानक आलेली नाही.

आता त्या नजरेला कशाची भीती असते ते सांगतो, कारण मला स्वतःला हा भाग सर्वांत शिकण्यासारखा वाटला. तपकिरी रंग खोटी साक्ष देऊ शकतो. प्रतिपिंड कधी भलत्याच, पण दिसायला सारख्या प्रथिनाला बिलगते. कधी धुणे नीट झालेले नसते. कापाच्या कडा सुकल्या तर तिथे आपोआप तपकिरी झाक येते. म्हाताऱ्या चेतापेशींत एक पिवळसर-तपकिरी द्रव्य निसर्गतःच साठते. नवखा माणूस त्यालाच रंग समजतो. उलट, मृत्यूनंतर मेंदू काढायला उशीर झाला किंवा तुकडा फॉर्मलिनमध्ये वेळेवर पडला नाही, तर असलेले प्रथिनही रंग धरत नाही. म्हणून दर वेळी सोबत दोन काचपट्ट्या ठेवतात. एकीत ते प्रथिन नक्की आहे असा काप. तो रंगलाच पाहिजे. दुसरीत पहिले प्रतिपिंड घालायचेच नाही. ती कोरी राहिलीच पाहिजे. पहिली कोरी राहिली किंवा दुसरी रंगली, तर त्या दिवसाचे सगळे काम रद्द. मी विचारले, “सगळे? रुग्णांचेही?” विद्यार्थी म्हणाला, “सगळे, सर. पुन्हा कापायचे.” नकाशासंग्रहातही एकाच प्रथिनासाठी जमेल तिथे दोन वेगवेगळी प्रतिपिंडे वापरून दोघांची साक्ष जुळते का ते पाहिले आहे, आणि खात्री कमी असेल तिथे तसे लिहून ठेवले आहे.

आपल्याकडे म्हातारपणी आठवण गेली की ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून सोडून देतात. १९०६ साली आलोइस अल्झायमर यांनी एका मृत बाईच्या मेंदूचे काप चांदीने रंगवले, तेव्हा पेशींमध्ये गुंतवळे आणि बाहेर डाग दिसले. गुंतवळे टाऊ नावाच्या प्रथिनाचे आणि डाग अमिलॉइडचे, हे नक्की व्हायला १९८० चे दशक उजाडले. आता दोघांसाठीही प्रतिपिंडे आहेत. पण त्यासाठी मेंदू मिळायला हवा ना! बंगळुरूच्या निमहान्स संस्थेत १९९५ पासून मानवी मेंदूंची पेढी आहे. नातेवाइकांच्या संमतीने मिळालेले मेंदू तिथे अभ्यासासाठी जतन करतात. घरात मयत झालेली असताना अशी संमती देणे काय असते, याचा विचार ज्याने त्याने आपल्या घरी करावा. या व्यासपीठावरून मी कोणाला आग्रह करणार नाही.

आता शेवटी पुन्हा आमच्या गल्लीत येतो. डॉक्टरांनी उपचाराची दिशा सांगितली, आणि दुसऱ्या एका मोठ्या रुग्णालयाचेही मत घ्या असे सुचवले. त्यासाठी पहिल्या ठिकाणाहून काचपट्ट्या आणि मेणाची ती वडी मागून आणायची होती. ती मिळायला तीन खेपा झाल्या. मिळाली ती एका कागदाच्या पाकिटात, आणि ती कशी सांभाळायची हे काही कोणी सांगितले नाही. दिवस मे महिन्याचे. चाचींनी पाकीट खिडकीत ठेवले होते. मी सहज गेलो तर सुनेच्या हातात ती वडी, आणि ती विचारते आहे, “हा मेणबत्तीचा तुकडा कशाला ठेवलाय?” केराची टोपली हातभर अंतरावर होती.

पालकहो, हे तेवढे घरी जाऊन सांगा. ती मेणबत्ती नव्हे. तो तुमच्या माणसाच्या गाठीचा तुकडा आहे. त्यातून पुन्हा काप निघतात, पुन्हा नवे प्रश्न विचारता येतात, आज उपलब्ध नसलेले प्रतिपिंड दहा वर्षांनी निघाले तर तेही. काचपट्टी फुटली तर दुसरी होते. ब्लॉक हरवला तर नवा तुकडा मिळवण्यासाठी पुन्हा डोके उघडावे लागेल. ऊन लागू देऊ नका, वितळू देऊ नका. त्यावर लिहिलेला क्रमांक पुसू देऊ नका. रुग्णालयाला परत हवा असेल तर पावती घेऊन परत करा. आणि तक्त्यात ‘पॉझिटिव्ह’ दिसला तर शेजारच्या मास्तरांना विचारू नका, ज्यांनी सही केली आहे त्यांना विचारा.

चाचींनी ती वडी स्टीलच्या डब्यात घातली आणि डबा कपाटात, रेशन कार्डाच्या शेजारी ठेवला. दुसऱ्या रुग्णालयाने त्यातून नवे काप काढून स्वतः रंगवले. दोन आठवड्यांनी रिपोर्ट आला त्या रात्री त्या पुन्हा माझ्या दारात उभ्या. या वेळी लिफाफा उघडून मीच आधी म्हणालो, “चाची, मी फक्त वाचून दाखवीन, अर्थ सांगणार नाही.”

त्या म्हणाल्या, “अर्थ मला माहीत आहे. आयडीएच पॉझिटिव्हच आहे ना, तेवढे बघा.”

मी पाहिले. होते.